चारची नोंद

पिंप्राळ्यात राहणारी कोकिळा सिस्टर जन्मापासून पहाटेची. भडगावच्या माहेरी कोंबड्याआधी तिचे डोळे उघडायचे आणि रात्री आठला ताटावरच डुलक्या सुरू. अशा बाईला जळगावच्या एका दवाखान्याने सलग आठ महिने रात्रपाळी द्यावी, याला काय म्हणावं? तिची मैत्रीण पुनम रात्री दोनपर्यंत टक्क जागी, तर तिला सकाळपाळी. दोघींनी अदलाबदल मागितली तेव्हा मोठ्या सिस्टर हसल्या; म्हणाल्या, झोपेतही आवडनिवड असते का? मग कोकिळा रेटत राहिली. दिवसा पडदे ओढून नुसती पडायची. मुलगी ऋतिका जवळ आली की वसकन ओरडायची आणि मग स्वतःच रडायची.

वैशाखातल्या एका पहाटे सात नंबरच्या खाटेवरचे गिरधर नाना गेले. हृदयाचं दुखणं होतं. बायको ताईबाई खाटेशेजारीच चटईवर झोपलेली. सहाला पाहिलं तर नानांचं अंग गार. तक्त्यावर मात्र चारची नोंद होती, नाडी ब्याऐंशी, ताप नाही. अक्षर कोकिळाचं. डॉक्टर म्हणाले, चारला बरे होते, कुणाचा दोष नाही.

कोकिळाला नोंद लिहिल्याचं आठवत होतं, खाटेपाशी गेल्याचं आठवत नव्हतं. मनगट धरलं होतं का, ते कोमट होतं की गार, काहीच सापडेना. रोज तेच तेच लिहून हात इतका सरावलेला, की झोपेतही ब्याऐंशी लिहील. आता भर दुपारी भाजी निवडताना तिची बोटं आपल्याच मनगटावर जात आणि मोजू लागत. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली.

तेराव्यानंतर ताईबाई कागदपत्रं न्यायला आली. कोकिळाची पाळी नुकतीच सुटलेली. ताईबाईने तिला बाकावर बसवलं, पिशवीतली केळी दिली आणि नानांबद्दल हळूच विचारलं, "चार वाजता त्यास्ना हात तुना हातमा व्हता ना, बाई? काही बोलनात का त्या?"

'तुमचं नाव घेतलं' एवढं म्हणणं सोपं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"अक्का, मी गेले होते की नाही, मला आठवत नाही. झोपेतच लिहिलं असेल."

आता ही आरडाओरडा करणार, तक्रार करणार, नोकरी जाणार. जाऊ दे, सुटेन एकदाची, असंच कोकिळाला वाटलं.

"पहाटले त्यास्नी माले हाक मारी व्हती," ताईबाई म्हणाली. "माले वाटनं, सिस्टर शे ना. मी कूस बदली, अन् माले परत झोप लागनी."

कितीदा हाक मारली, कोकिळाने विचारलं.

ताईबाईने दोन बोटं दाखवली.