येतेय मागून

नव्वदच्या दशकात बहारीनमधल्या आमच्या कंपनीत फिटरपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट तिजोरीत असत. रजेवर निघताना सही करून घ्यायचे, परतल्यावर जमा करायचे. त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मी तर घरीही तीच पद्धत लावली होती. बायकोचा पासपोर्ट माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. "हरवशील," म्हणायचो. तिने आयुष्यात टिकल्यांचं पाकीटसुद्धा हरवलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात, विक्रीचं टार्गेट गाठलं म्हणून, कंपनीने आम्हा चौघांना बायकांसह डॅन्यूब नदीवरच्या बोटीची सहल दिली. तिसऱ्या दिवशी बोट एका जुन्या शहराला लागली. त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. दगडी रस्ते, पिवळी घरं, चार पावलं चाललं की चर्च. आमचे दोन्ही पासपोर्ट आणि बोटीत शिरायची दोन्ही कार्डं अर्थातच माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होती.

नकाशाही माझ्याच हातात. जुना पूल दाखवतो म्हणून मी सगळ्यांना फिरवून दोनदा त्याच चौकात आणलं. शेवटी बायको बेकरीतल्या बाईशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलली आणि पाच मिनिटांत पूल समोर.

"साहेब, नकाशा वहिनींकडे द्या आता," एक सहकारी म्हणाला. सगळे हसले. तीही हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुलापलीकडे ती लाकडी खेळण्यांच्या दुकानात शिरली. "आलेच हं, दोन मिनिटं." बाकीचे पुढे गेले होते. मी सरळ बोटीची वाट धरली. रस्ता विचारायची एवढी हौस आहे ना, विचार म्हटलं. वाटेत मीच दोनदा चुकलो.

बोट पाचला सुटणार होती. मी डेकवर कॉफी घेऊन बसलो.

"वहिनी कुठायत?" सहकाऱ्यांनी विचारलं.

"येतेय मागून."

खरं सांगतो, मजा वाटत होती. साडेचारनंतर जरा कमी वाटायला लागली, पण उठलो नाही.

पावणेपाचला ती धक्क्यावर दिसली. चपलेचा पट्टा तुटलेला, चप्पल हातात. बोटीत चढायच्या फळीपाशी उभ्या खलाशाने कार्ड मागितलं. ती हातवारे करून त्याला समजावत होती. मग तिने वर पाहिलं. मी दिसलो. मी कॉफी संपवली आणि सावकाश खाली उतरलो. खलाशाने विचारलं, या तुमच्याबरोबर आहेत का?

"मी हिला ओळखत नाही," मी म्हणालो.

मागे उभे असलेले सहकारी खो खो हसले. त्यांचं हसून झाल्यावर मी कार्ड दाखवलं. ती आत गेली. डेकवर मी 'येतेय मागून' म्हणालो होतो, तेही कुणाच्या तरी बायकोने तिला जेवताना सांगितलं.

बहारीनला, सनाबिसच्या आमच्या फ्लॅटवर परतलो तेव्हा बॅगा उघडायच्या आधी तिने हात पुढे केला.

"माझा पासपोर्ट द्या."

"कशाला?"

"माझा आहे म्हणून."

मी हसत दिला. माझा दुसऱ्या दिवशी तिजोरीत गेला.

चार महिन्यांनी साताऱ्याहून भावाचा फोन आला. आई शेवटच्या घटका मोजत होती, सारखं माझं नाव घेत होती. मी तुबलीतल्या ऑफिसात धावलो. तिजोरीची किल्ली मालकाकडे, मालक परदेशात. "चाबी मफी, चाबी नहीं है, भाई," मॅनेजर म्हणाला. "शनिवार को आएगा, इंशाल्ला." त्या दिवशी मंगळवार होता. मी त्याचे पाय धरले. त्याने ते हळूच सोडवून घेतले.

घरी आलो तर बायको बॅग भरत होती. "मी जाते," म्हणाली. "कुणीतरी पोचायला हवं."

दुपारच्या विमानाने ती निघाली. एअरपोर्टवर मला पोलिसाने काचेच्या दाराशीच अडवलं. शिक्का बसल्यावर तिने वळून पाहिलं. मी हात हलवला. तिने हलवला नाही, नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"आई गेल्या. विचारत होत्या, तो कुठाय म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, येतायत मागून. दुपारपर्यंत दाराकडे बघत होत्या."