हिरेमठ साहेबांची तिसरी भाकरी

"मिस सांबरेकर, हाउ मेनी किचन्स?"

हिरेमठ साहेब उंबऱ्यात उभे होते. बूट बाहेर, पायात मोजे, हातात टोपी. मी आत, मल्लाप्पा चौगुल्यांच्या स्वयंपाकघरात. समोर कोळशाची शेगडी होती आणि तिच्यापासून हातभर लांब एक नवाकोरा पितळी स्टोव्ह. स्टोव्हला हळदकुंकू लावलेलं होतं. वर जास्वंदीचं फूलही होतं.

"टू, सर," मी म्हणाले.

खोटं बोलले नाही. त्यांनी मोजायला सांगितलं, मी मोजलं. हळदकुंकवाचं त्यांनी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट साठ सालच्या आसपासची. बेंगळूरला राजाजीनगरात कामगारांसाठी सरकारी क्वार्टर्स उठल्या होत्या. एक खोली, स्वयंपाकघर, मागे नळ. भाडं नावालाच. बाकीचा भार सरकार उचलायचं. त्या घरांचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसात मी लेडी वेल्फेअर इन्स्पेक्टर होते. नाव भारी, काम एकच: लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावणं. माझ्या आधीच्या पुरुष इन्स्पेक्टरांना बायका उंबऱ्याच्या आत घेत नसत. मला मात्र "या की अक्का" म्हणून थेट आत नेऊन पाटावर बसवत आणि स्वतःहून नको ते सगळं सांगत. या कामाला बाई नेमावी, हा आमच्या ऑफिसनं लावलेला तेवढाच एक शोध मला पटला होता.

डोकावायचं कशाला, तर इन्कम सीलिंगसाठी. सीलिंग म्हणजे उत्पन्नाची मर्यादा. घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांचे पगार एकत्र करायचे. बेरीज मर्यादेच्या वर गेली की घर खाली करायचं. मग ते घर त्याहून गरीब माणसाला. कागदावर अगदी न्याय्य. आता घर म्हणजे कोण? आमच्या नियमात लिहिलं होतं की एका चुलीवर शिजलेलं अन्न जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. हे वाक्य कुणी लिहिलं देव जाणे, पण त्या गृहस्थानं आपल्याकडच्या बायका बघितल्या नव्हत्या.

नियमाची बातमी कॉलनीत पोचली आणि घराघरांत चुली वाढल्या. चिकपेटेतल्या भांडीवाल्याकडचे स्टोव्ह संपले. भाऊ भावापासून वेगळे झाले, सासवा सुनांपासून. एका घरात तर नवराबायकोच वेगळे निघाले. नवरा मला गंभीरपणे सांगत होता, "आमचं जमत नाही मॅडम, ती तिचं करून खाते," आणि बायको मागे पदर तोंडात कोंबून हसत होती. क्वार्टर्सच्या तिसऱ्या ओळीत मला एका पाय वाकलेल्या स्टोव्हची ओळख पटली. हाच स्टोव्ह मी दोन घरं आधी पाहिला होता. पुढच्या दारानं आम्ही जात होतो, मागच्या दारानं स्टोव्ह जात होता. पाय वाकलेला असूनही तो आमच्यापेक्षा भरभर चालत होता.

मी गप्प होते. तसं माझं मन दोन्हीकडे होतं. ऑफिसच्या बाकावर रत्नम्मा नावाची एक बाई येऊन बसायची. नवरा उदबत्तीच्या कारखान्यात, घर म्हणजे चार पत्रे. घरासाठी तिचा अर्ज पडून होता. ती काही बोलायची नाही, नुसती बघायची. तिच्याकडे बघितलं की वाटायचं, ज्यांना परवडतं त्यांनी निघावं. चौगुल्यांकडे बघितलं की वाटायचं, निघून जायचं कुठं?

चौगुले मूळचे चिकोडीकडचे. मल्लाप्पा एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंडाला आकार देणारा. त्याची बायको गंगूकाकू. एकुलती एक मुलगी शांता. मॅट्रिक झाली होती आणि टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नुकतीच शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागली होती. त्या काळात परगावी बोलायचं तर ऑपरेटरला सांगून कॉल जोडून घ्यावा लागे. शांता तो जोडणार होती. पोरीची नोकरी लागली म्हणून काकूंनी ओळीत पेढे वाटले आणि मागून कळलं की तिचा पगार मिळवला तर बेरीज मर्यादेच्या वर जाते. पोरगी कमावती झाली म्हणून घर जाणार होतं.

म्हणून तो स्टोव्ह.

"पोरगी येगळी हाय बघा, सायेब," काकू साहेबांना सांगत होत्या. "तिचं ती करून खाती."

"लग्न न झालेली मुलगी? याच घरात?"

"त्या कोपऱ्यात," काकूंनी साडीचा पडदा दाखवला.

हिरेमठ साहेब आमचे एस्टेट ऑफिसर, धारवाडचे. खुशीत असले की माझ्याशी धारवाडी मराठीत बोलत, रागावले की इंग्रजीत. माणूस सरळ होता, लाच नाही, वशिला नाही. नेमकी त्याचीच पंचाईत होती. सरळ माणसाला नियम फार आवडतात. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले.

"सरी, ठीक आहे. वुई विल वेट. जेवायची वेळ झालीच आहे. कोण कोणत्या चुलीवर जेवतं ते आपण बघू."

काकूंचा चेहरा उतरला. रविवार होता, कारखाना बंद, शांतालाही एक्स्चेंजची सुट्टी. पळवाट उरली नव्हती.

आता पंचाईत अशी की शांताला स्वयंपाक येत नव्हता. काकूंनी तिला कधी चुलीपाशी फिरकूच दिलं नव्हतं. तू शीक, हे मी बघते, एवढं एकच त्या पोरीच्या लहानपणापासून म्हणत आल्या होत्या. शांतानं स्टोव्हला पंप मारला. जाळ छातीपर्यंत उठला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मग तिनं तांदूळ टाकले आणि पाण्याचा अंदाज चुकला. थोड्या वेळानं करपल्याचा वास सुटला. शेगडीपाशी बसून काकू भाकरी थापत होत्या, पण नजर सगळी त्या पातेल्यावर. दोनदा हात पुढे गेला, दोनदा मागे घेतला. मल्लाप्पा छताकडे बघत होता.

जोंधळ्याची भाकरी शेगडीच्या निखाऱ्यावर फुगली आणि तिचा वास बाहेर गेला. हिरेमठ साहेबांचं बिऱ्हाड धारवाडला, आईपाशी. इथं ते एका मेसमध्ये जेवत. तिथं दोन्ही वेळा भात आणि पातळ सारू. कित्येक महिन्यांत त्यांनी भाकरी पाहिली नव्हती. हे मला माहीत होतं, कारण ऑफिसात ते फायलींपेक्षा जास्त त्याच विषयावर बोलायचे.

"सायेब, हात धुवा," काकू म्हणाल्या.

"नो, नो. मी ड्यूटीवर आहे."

"जेवायच्या टायमाला आलेलं माणूस तसंच लावून द्यायचं व्हय? आमच्यात न्हाई चालत. अक्का, तुमीबी बसा."

मी लगेच बसले. साहेबांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग भाकरीकडे पाहिलं, मग हात धुतले. झुणका, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. पहिली भाकरी त्यांनी अधिकाऱ्यासारखी खाल्ली. दुसरी माणसासारखी. तिसरी काकूंनी न विचारता वाढली आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

शांता कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, स्वतःच्या ताटलीत तो भात चिवडत होती. खाली काळा, वर कच्चा. तरी एकेक घास गिळत होती. घर टिकवायला त्या पोरीनं दगडसुद्धा खाल्ले असते. तेवढ्यात काकूंची वाढत वाढत फेरी कोपऱ्यापाशी आली.

काकू थांबल्या नाहीत. विचार केलाच नाही. मघापासून आवरलेला हात एकदाचा सुटला. शांताच्या ताटलीत भाकरी पडली, वर झुणका पडला, आणि काकू म्हणाल्या, "खा गं बाई. किती वाळलीयास."

मल्लाप्पानं डोळे मिटले. काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. काय झालं ते त्यांना तेव्हा कळलं.

साहेबांनी घास संपवला. पाणी प्यायले.

"वन किचन," ते म्हणाले.

मग शांताच उठली आणि साहेबांसमोर येऊन उभी राहिली. इंग्रजीत बोलली, आणि छान बोलली.

"सर, मी अजून टेंपररी आहे. परमनंट नाही केलं तर मला काढतील. तेव्हा तुम्ही आम्हाला हे घर परत द्याल?"

"तसा नियम नाही."

"मग मी उद्या नोकरी सोडू का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"पोरीनं शिकू नये असं तुमचा नियम म्हणतो काय हो?" काकूंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. खरंच विचारत होत्या. साहेबांनी टोपी घातली, काकूंना नमस्कार केला आणि बाहेर पडले. जाताना पायात बूट उलटे घातले, ते वळणावर जाऊन नीट केले.

सोमवारी मी रिपोर्ट लिहिला. आमच्या रिपोर्टात रकाने ठरलेले होते: या चुलीवर कोण जेवतं, काय काम करतं, पगार किती. मी प्रामाणिकपणे भरले. मल्लाप्पा चौगुले, टर्नर. गंगूबाई, घरकाम. शांता, शिकाऊ ऑपरेटर. त्याखाली सांबरेकर, वेल्फेअर इन्स्पेक्टर. त्याखाली हिरेमठ, एस्टेट ऑफिसर. प्रत्येकासमोर पगार. बेरीज अशी झाली की हे कुटुंब मर्यादेच्या वर नव्हे, मर्यादेच्या पार डोक्यावर बसलं होतं.

दुपारी बोलावणं आलं.

"व्हॉट इज धिस?"

"चौगुल्यांचा रिपोर्ट, सर."

"यात मी काय करतोय?"

"जेवताय, सर."

"मी पाहुणा होतो!"

"नियमात पाहुण्यांचा उल्लेख नाही, सर. मी शोधला. एका चुलीवर शिजलेलं जेवणारी माणसं, एवढंच आहे."

"मी एकदा जेवलो. एकदा!"

"शांतालाही आपण एकदाच जेवताना पाहिलं, सर. आणि तिनं एकच भाकरी घेतली."

साहेबांचे कान लाल झाले. "माझं नाव काढा."

"काढते. पण मग शांताचंही काढावं लागेल. तुम्हा दोघांना एकाच हातानं वाढलं."

मला वाटलं, गेली नोकरी. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाकावर रत्नम्मा बसली होती.

"अवो बाई," ते मराठीवर आले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. "चेष्टा झाली. आता त्या बाईचं काय सांगता? चौगुले बसून राहिले तर तिला घर कुठून देऊ?"

हा प्रश्न खरा होता, आणि माझ्याकडे चलाख उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "तिला घर मिळायलाच पाहिजे, सर. पण एकाला उठवून दुसऱ्याला बसवलं तर घर एकच राहतं. ज्यांचं उत्पन्न वाढलं त्यांच्याकडून भाडं वाढवून घ्या. त्यातून नवी ओळ बांधा. आणि शिकाऊ पोरांचा पगार ती परमनंट होईपर्यंत धरू नका. नाहीतर लोक पगारवाढ नाकारतील, किंवा स्टोव्ह घेतील."

"स्टोव्ह सगळीकडे खोटेच?"

"एक तर दोन-तीन घरांना मिळून होता, सर. पाय वाकलेला."

साहेब आधी ओठ दाबून बसले, मग हसले. हसता हसता माझा रिपोर्ट त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि वरिष्ठांना नोट लिहायला बसले.

वरिष्ठांनी त्या नोटेवर कित्येक महिने काढले. शेवटी अर्धं मानलं. घर खाली करायचं नाही, उत्पन्नाप्रमाणे भाडं टप्प्याटप्प्यानं चढवायचं. शिकाऊंचा पगार सोडायचा. कुटुंबाची व्याख्या मात्र तशीच राहिली. तिच्यात फक्त दोन शब्द वाढले, आणि तेवढा बदल आठवड्याभरात झाला: "पाहुणे वगळून." रत्नम्माला घर मिळालं, पण फार उशिरा, नवी ओळ झाली तेव्हा. त्या ओळीत माझ्या शहाणपणाचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. तोवर ती बाकावर बसतच राहिली, आणि तिच्या समोरून जाताना मी मान खाली घालत असे.

शांता परमनंट झाली. त्याच महिन्यात चौगुल्यांचं भाडं चढलं. काकू ऑफिसात येऊन मला म्हणाल्या, "अक्का, तीन भाकऱ्या खाऊन भाडं वाढवलं की हो तुमच्या सायबानं." पण पैसे मोजून देताना चेहऱ्यावर तोरा होता.

पुढं एकदा मी साहेबांच्या टेबलापाशी फाइल घेऊन उभी होते. त्यांनी धारवाडचा ट्रंक कॉल लावला होता. फोन वाजला. ऑपरेटर पोरीचा आवाज इतका खणखणीत की मला उभ्या जागी ऐकू आला.

"धारवाड लाइनवर आहे, हिरेमठ सार." मग जरा थांबून, कन्नडमध्ये, "ऊटा आयता, सार?"

म्हणजे, जेवण झालं का. बेंगळुरात हे कुणीही कुणालाही विचारतं. पण साहेबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"आयतम्मा, आयतु," ते म्हणाले. झालं बाई, झालं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सर्क्युलर फिरलं. तपासणीला जाणाऱ्या सर्व इन्स्पेक्टरांनी घरून जेवून निघावं. माझ्या सगळ्या नोकरीत निघालेलं सर्वांत शहाणं सर्क्युलर तेच. मी ते एकदाही पाळलं नाही.