मिस्त्रींनी उघडू न दिलेली माती

कबरस्तानात माती द्यायला वाकलो, मूठ भरली आणि नकळत ती आवळून बघितली. शेजारचा माणूस चमकून माझ्याकडं बघू लागला. त्याला काय सांगणार... ही खोड मला दस्तगीर मिस्त्रींनीच लावली होती. सकाळी त्यांच्या मुलीचा, रेहानाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात तास घेत होतो. "सर, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. पुढं मी काय शिकवलं, देव जाणे.

मिस्त्री शिवाजी पेठेतले. सारी हयात फाउंड्रीत साच्याची माती मळण्यात गेली. मी इंजिनिअरिंगचा मास्तर, डोक्यात खूळ अणुभट्टीच्या कचऱ्याचं. हा कचरा जमिनीत खोल पुरला तरी शेकडो वर्षं तापलेलाच राहतो. म्हणून त्याच्या डब्यांभोवती एक चिकणमाती ठासायची असते. ती पाणी पिऊन फुगते, फटी बुजवते. पण त्या उष्णतेनं मातीच बिघडली तर? तेच मला बघायचं होतं. कॉलेजच्या शेडमध्ये मातीचा भलामोठा ठोकळा केला, डब्यांऐवजी आत हीटर बसवले, आणि घाई नडली. हीटर जवळजवळ लावले, आच चढवली, पाच महिन्यांत माती उत्तम टिकते असा शोधनिबंध लिहून मोकळा झालो.

मिस्त्री आले होते ते नुसते हीटर काढून द्यायला. आतली माती त्यांनी भिजवली, मुठीत आवळली. भुगा झाला. "सर, ही माती मेली की," ते म्हणाले. मी भडकलो. तुम्हाला यातलं काय कळतं, असंही बोलून गेलो. आज आठवलं की माझीच लाज वाटते. ते शांतपणे सांगत राहिले, की वितळलेल्या लोखंडाला चिकटलेली माती अशीच मरते, मग तिला कितीही पाणी पाजा, ती धरत नाही. तपासून बघितलं. त्यांचंच खरं होतं. निबंध फाडून टाकला.

दुसरा ठोकळा त्यांच्या हातचा. हीटर लांब लांब. पोरं दाटीवाटीनं झोपली की मधल्याला घाम फुटतो, हे त्यांचं शास्त्र, आणि माझी गणितंही शेवटी तेच म्हणाली. आच मंद, मुदत पाच वर्षं. मिस्त्री तेव्हा निवृत्त झाले होते. रोज सकाळी सायकलवरून यायचे आणि तापमान वहीत लिहायचे. एकदा त्यांनी विचारलं, खऱ्या कचऱ्यापाशी, एवढ्या खोल, हे रोज कोण लिहिणार? मी म्हटलं, कोणीच नाही, शेकडो वर्षं कोण बसणार तिथं! त्यांनी वही मिटली. "म्हंजे आपल्या माघारी बी बिघडाय नगं, असं ठिवायचं," म्हणाले, आणि टोपी काढून हातात धरून बसले. इतकी वर्षं मी हा विषय शिकवतोय, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी.

तीन वर्षं झाली आणि त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी काही महिने सांगितले. माती जगलीय की मेलीय, हे मिस्त्रींना कधीच कळणार नव्हतं, आणि ते मला सोसवेना. घरी जाऊन म्हटलं, ठोकळा उघडूया, तुमच्या हातानं आवळून बघा. एवढ्या दुखण्यातही ते उठून बसले.

"माझ्यापायी? तीन वर्सं पान्यात घालता व्हय?" मग आवाज खाली आला. "बघायची लई हौस हाय, सर. पर न्हाई उघडायचा."

डोळे भरले होते त्यांचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर रेहाना शेडवर आली. मी तिला खरं ते सांगितलं. दफनाहून मी घरी न जाता इथं आलो होतो आणि ठोकळा उघडायचाच म्हणून हीटरच्या बटणावर बोट ठेवून उभा होतो.

"बंद केलं?"

"नाही."

"माती जिती हाय का?"

"पावणेदोन वर्षांनी कळेल."

पुढं होऊन तिनं ठोकळ्याला तळहात लावला.

"गरम हाय की," म्हणाली, आणि बराच वेळ तिनं हात काढला नाही.