जोडी, सालदारासह

१९७५ च्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी भिवापूरच्या पुढच्या एका गावात दोन भावांची वाटणी झाली. पांढरी बैलजोडी थोरल्या भावाच्या वाट्याला गेली आणि तिच्याबरोबर तिचा सालदार गेला. सालदाराची बायको माजघरातल्या भांड्यांबरोबर धाकट्याच्या वाट्याला आली. थोरला गावातच राहत होता. धाकटा नागपुरात, धरमपेठेत.

धाकट्याच्या घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो आणि एका दैनिकाच्या संपादकीय विभागात नोकरी करत होतो. वाटणीला पाच पंच हवे होते. चार गावातले होते. पाचवा बाहेरचा असावा असे ठरले, म्हणून धाकट्याने मला नेले. थोरल्याने आधी हरकत घेतली. भाडेकरू मालकाच्याच बाजूने बोलणार, असे त्याचे म्हणणे होते. मी काही बोलणार नाही, फक्त सही करणार, असे धाकट्याने सांगितल्यावर त्याने हरकत मागे घेतली.

घराणे मालगुजारांचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे. मालगुजारी जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण घरची शेती मोठी होती आणि गाव त्यांना मालगुजारच म्हणत असे. वडील हिवाळ्यात वारले. जमीन आणि घरे कोणाकडे कोणती, हे आधीच ठरले होते. राहिले होते ते गोठा, धान्य आणि भांडी.

यादी दिवाणजींनी केली. हे घराण्याचे जुने कारकून. वडिलांच्या हाताखाली त्यांचे आयुष्य गेले होते आणि दोन्ही भाऊ त्यांना अहोजाहो करत. पद्धत अशी होती : वस्तू ओसरीवर आणायची, पंचांना दाखवायची, तांबे-पितळ तराजूत घालायचे, मग दिवाणजी मोठ्याने म्हणत ती लिहिणार. दोन वाटे सारखे आहेत असे पंचांनी मान्य केले, की गावच्या पुजाऱ्याने चिठ्ठी उचलायची.

भांडी तराजूत जाण्याआधी घासलेली हवी होती. काजळी आणि राखेचे वजन कोणाच्या नावावर पडू नये, हा थोरल्याचा आग्रह. त्यामुळे सकाळपासून एक बाई अंगणात चिंच आणि राख घेऊन बसली होती. एकेक भांडे उजळून ओसरीवर देत होती. वय तिशीच्या आतबाहेर. हात चालत होते तसे तोंडही चालत होते. एक मोठी परात उचलताना पंचांपैकी एकजण अडखळला, तेव्हा ती म्हणाली, “सांभाळून जी. तिले पोचा आला तं वजन थेच राहते, पन शोभा जाते.” पंच हसले. तिचा नवरा, पांढऱ्या जोडीचा सालदार, गोठ्याच्या भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तो हसला नाही.

सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरलेला गडी. हा ठरलेला नव्हता, राहिलेला होता. लग्नाच्या वेळी घेतलेली उचल फिटत नव्हती आणि ती फिटेपर्यंत त्याला दुसरा मालक करता येत नव्हता. त्या गावात प्रत्येक जोडीचा सालदार वेगळा असे. गोऱ्हे असताना त्यानेच ती जुंपायला शिकवायची, चारा-पाणी त्यानेच करायचे, रात्री झोपायचेही गोठ्यातच. जोडीला दुसऱ्या हाताची सवय लावायची नाही, असा नियमच होता. त्यामुळे जोडी चोरीला जात नाही, असे सांगत.

गोठ्याची पाळी आली तेव्हा दिवाणजी लिहिता लिहिता म्हणाले, “पांढरी जोडी एक, सालदारासह.”

पंचांत गावच्या शाळेचे मास्तर होते. माणूस कशाला लिहायचा, असे त्यांनी विचारले. दिवाणजींनी शांतपणे सांगितले की आजोबांच्या वाटणीतही असेच लिहिले आहे. सालदार दुसरीकडे गेला तर जोडीचा एक हंगाम वाया जातो, म्हणजे वाटा खोटा ठरतो.

माजघराची भांडी संपली तेव्हा दुपार झाली होती. पहिल्या वाट्यात पांढरी जोडी होती, दुसऱ्यात तांबडी. तांब्याचा मोठा बंब तेवढा राहिला. आंघोळीचे पाणी तापवायचा, घरातला सर्वांत जड जिन्नस. तो ज्या वाट्यात टाकावा तो वाटा खाली जात होता. दिवाणजींनी थोडा विचार केला आणि अंगणातल्या बाईकडे पाहिले. भांडी घासणारी, दळणारी, शेण काढणारी ती एकच होती. तांबड्या जोडीचा सालदार बिनलग्नाचा होता. बंब पहिल्या वाट्यात आणि बाई दुसऱ्यात घातली, तर हिशेब बसत होता. नवरा-बायको एकाच वाट्यात घातले तर बंब कुठेही ठेवला तरी जमत नव्हते. ते त्यांनी तसे करून दाखवले.

“वं, हात धू आनं इकडं ये,” असे त्यांनी तिला बोलावले. ती येऊन दुसऱ्या वाट्याच्या भांड्यांजवळ उभी राहिली. आपल्याला कशाला बोलावले ते तिला तेव्हा माहीत नव्हते. पुजाऱ्याने चिठ्ठी उचलली. पहिला वाटा थोरल्याला आला, दुसरा धाकट्याला.

पाच पंचांच्या सह्या झाल्या. पाचवी माझी.

सालदार उठून ओसरीखाली आला. त्याने थोरल्याला विचारले, “थे नागपूरले जाईन काय जी?” थोरला म्हणाला, सध्या जाऊ दे, पुढचे पुढे पाहू.

दुसऱ्या दिवशी पाडवा. त्या सकाळी मालक कासऱ्याला कुंकू लावून तो सालदाराच्या हातात देतो आणि त्याचे साल सुरू होते. थोरल्याने कासरा पुढे केला. सालदाराने हात पुढे केला नाही. अंगणात दहापंधरा माणसे पाहत होती. भांड्यांचा ट्रक फाटकाशी उभा होता आणि त्याची बायको मागे, परातीला टेकून बसली होती. थोरला म्हणाला, “पकड बे.” तेवढ्यात ट्रक सुरू झाला. मग त्याने कासरा धरला.

धरमपेठेत तिला स्वयंपाकघरामागची पडवी मिळाली. माझ्या खोलीचे दार त्याच अंगणात उघडत होते. ती पहाटे उठत असे, कामात चुकत नसे, आणि बोलणे गावातल्यापेक्षा कमी झाले होते. पंधरवड्याने तिने मालकिणीकडे गावी जाऊन यायची परवानगी मागितली. मालकीण वाईट नव्हती. तिने नवऱ्याला विचारले. धाकट्याचे म्हणणे असे पडले की ती गेली तर परत येणार नाही आणि थोरला तिला परत पाठवणार नाही. मग बंबही तिकडे, बाईही तिकडे. वाटणी झाल्यावर असे चालायचे नाही.

गावात सालदारानेही दोन दिवस मागितले होते. थोरल्याने नकार दिला. दोन दिवस जोडीला चारा कोण टाकणार? हे गावाहून धान्य घेऊन आलेल्या ट्रकच्या चालकाने सांगितले. तो सांगत असताना ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने उरलेले कपडे वाळत घातले, बादली उपडी ठेवली आणि मालकिणीला म्हणाली, “बाई, बंब इथं नाही म्हनून मी इथं हावो. बंबालेबी माह्यावानीच कोनी इचारलं नाही. पन थो गावीच राह्यला, त्याचं बरं हाये.”

मालकिणीने ते नवऱ्याच्या कानावर घातले.

वैशाख अर्धा उलटला होता. एका सकाळी, उन्हे नुकतीच अंगणात आली असताना, फाटकासमोर एक रिकामी बंडी येऊन थांबली. पांढरी जोडी होती. सालदाराने बैल सोडले, फाटकाबाहेरच्या कडुलिंबाला बांधले आणि सावलीत बसला. तो उमरेड रोडने सकाळ-संध्याकाळच्या थंड वेळी बंडी हाकत आला होता. आत आला नाही. बाई पडवीतून बाहेर आली, त्याच्याकडे पाहून परत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली. आधी बैलांना पाजले, मग त्याला तांब्या दिला.

धाकटा वर्तमानपत्र हातात घेऊनच फाटकाशी गेला. “काहून आनली बे जोडी इथं?”

सालदार उभा राहिला. “मी आलो जी. जोडी माह्यासंगं लिवली हाये. मी जिथं जाईन तिथं थे येईन.”

त्याला असे कोणी शिकवले, हे धाकट्याने दोनदा विचारले. कोणी नाही, असे तो म्हणाला. यादी सर्वांसमोर मोठ्याने म्हटली होती, ती त्याने ऐकली होती.

धाकट्याची अडचण अशी झाली की भावाचे बैल त्याच्या दारात बांधलेले होते आणि गल्ली ते पाहत होती. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी चेष्टेने विचारले, “काय साहेब, धरमपेठेत नांगरणी काढली काय?” धाकटा आत गेला आणि त्याने भिवापूरला तार केली.

दुसऱ्या दिवशी थोरला आणि दिवाणजी बसने आले. थोरला आधी पोलीस चौकीत गेला आणि चोरीची तक्रार दिली. हवालदार फाटकाशी आला तेव्हा दोन्ही भाऊ, दिवाणजी, सालदार आणि मी तिथे होतो. हवालदाराने बैलांकडे पाहिले. चोर माल घेऊन मालकाच्या भावाच्या दारात बसतो, हे आपण पहिल्यांदा पाहिले, असे तो म्हणाला. त्यावर थोरल्याने सांगितले की हा भावाचाच डाव आहे : आधी बाई नेली, आता जोडी ओढली. धाकटा पुढे सरसावला. हवालदार दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि त्याने सालदाराला चौकीत नेले. बैल कोंडवाड्यात पाठवायचे ठरले. ते सालदारानेच हाकत नेऊन बांधले, कारण दुसऱ्या कोणाला ते जवळ येऊ देत नव्हते. मग तो चौकीत परत आला.

बाई हातातले काम टाकून चौकीच्या पायरीवर जाऊन बसली. मालकिणीने माझ्याबरोबर तिला निरोप पाठवला की घरी ये, भाकरी खाऊन जा. ती आली नाही.

थोरल्याने कोंडवाड्याचे पैसे भरले आणि जोडी गावाकडे नेण्यासाठी सक्करदऱ्याचा एक बंडीवाला ठरवला. दुपारी तो बंडीवाला चौकीत आला. हाताला कापड गुंडाळलेले होते. जोडी आपल्या हाताला येत नाही, आपल्या बापाच्याही येणार नाही, असे सांगून त्याने इसार परत केला. मृग जवळ येत होता. जोडी शेतात हवी होती.

थोरला तक्रार मागे घ्यायला तयार झाला. चौकीच्या व्हरांड्यात हवालदाराने सालदाराला विचारले, जोडी घेऊन जातो काय? सालदार खाली पाहत होता. पायरीवरून बाई म्हणाली, “मी बंडीत बसन. मंग जाईन जोडी.”

“अशीच?” धाकटा म्हणाला. “माझ्या वाट्यातली आहे ती.”

हवालदार एकदा या भावाकडे, एकदा त्या भावाकडे पाहत होता. सालदाराला सोडायचे की ठेवायचे, एवढेच त्याला हवे होते. शेवटी दिवाणजींनी पिशवीतून यादी काढली. चष्मा लावला. बंब धाकट्याकडे यावा आणि बाई थोरल्याकडे जावी, म्हणजे वाटे होते तसेच सारखे राहतात, असे त्यांनी सांगितले. वाटणीच्या दिवशी हेच जमत नाही, असे त्यांनीच करून दाखवले होते. थोरल्याने बंबाला नकार दिला. दिवाणजींनी त्याला बाजूला नेले आणि पावसाचे काहीतरी सांगितले. तो परत आला आणि हो म्हणाला.

यादीच्या शेवटी दोन ओळी वाढवण्यात आल्या. दोन्ही भावांच्या सह्या तिथेच झाल्या. नागपुरात असलेला पंच म्हणून माझी झाली. बाकी चौघांच्या नंतर गावात घेतल्या.

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर बंडी निघाली. बाई मागे बसली होती, तोंड नागपूरकडे. आठवड्याने बंब ट्रकने धरमपेठेत आला. त्यात कोळसे घालायला कोणी रोजचे माणूस नव्हते, म्हणून तो मागच्या अंगणात ठेवला.

दिवाळीच्या सुमारास वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम निघाला, पुढे त्याचा कायदा झाला. ती बातमी आमच्या अंकात पहिल्या पानावर होती. हिवाळ्यात तहसीलची माणसे त्या गावात चौकशीला गेली. उचलीपोटी कोणाला कामावर अडकवून ठेवता येणार नाही, अशी दवंडी दिली गेली. दिवाणजींनी सांगितले की आपल्या गावात वेठबिगार कोणी नाही, सालदार आहेत. तसा अहवाल गेला. सालदार तेव्हा गोठ्याच्या दाराशी उभा होता आणि दवंडी त्याने शेवटपर्यंत ऐकली, हे मास्तरांनी मला नंतर सांगितले.

१९७६ च्या पाडव्याला सकाळी थोरला कुंकू लावलेला कासरा घेऊन गोठ्यात गेला. सालदार आणि त्याची बायको दोघेही गावात नव्हते. पांढरी जोडी बांधलेली होती. पुढे चारा टाकलेला होता आणि पाण्याची बादली भरलेली होती.