डबीतले काप

बाई गं, तोंडावर बोललं की तू उठून जातेस. म्हणून तुझ्या मावशीने तुझी गोष्ट परक्या बाईची असावी तशी लिहायला घेतली आहे.

ही बाई लॅबमध्ये एकतीस वर्षं मेणात बसवलेले मांसाचे तुकडे कापत आली. केसाहून पातळ काप काचेवर उचलायचा. हात असा, की डॉक्टर तिला ‘सुरी’ म्हणत, आणि ते तिला आवडे. वाया घालवणं तिला जमतच नसे. तुकडा इवलासा असला, तर एका बैठकीत सगळा कापून काचा डबीत ठेवायची; पुढेमागे लागतील म्हणून.

धाकट्या बहिणीच्या फुप्फुसात गाठ निघाली, तो तुकडाही तिनेच कापला. बहिणीचं बारा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. ते कागद घर बदलताना गेले. ही गाठ फुप्फुसाचीच ठरली. औषध सुरू झालं, लागू पडेना. पाच महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, पेशींत स्त्री-हार्मोन धरून ठेवणारे रिसेप्टर आहेत का बघा. असले तर कदाचित जुनंच दुखणं वर आलंय, गोळ्यांवर थोपवता येईल. पण फुप्फुसाच्या गाठीतही ते कधीकधी सापडतात, तेव्हा जिथे ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलातून तेव्हाच्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉकही आणा, ताडून बघू.

तिने डबीतली काच काढली आणि रिसेप्टर असले तर तपकिरी होणारा रंग लावला. रंगाच्या खात्रीसाठी शेजारी लावलेला, रिसेप्टर असलेला दुसऱ्या कुणाचा ताजा काप छान तपकिरी झाला. बहिणीचा कोरा. रिपोर्ट गेला : रिसेप्टर नाहीत.

जिना उतरताना तिला आठवलं. काप महिनोन्‌महिने पडून राहिला, की रिसेप्टर असले तरी रंग धरेनासे होतात. नवशिक्यांना हे तीच शिकवायची. आणि नव्याने कापायला मेणात काही उरलंच नव्हतं.

डॉक्टरांना तिने हे कळवलं नाही. ब्लॉक आला की आपोआप कळेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिली; आणि आणायला जाईना, कारण ब्लॉकबरोबर चूकही बाहेर आली असती.

“ताई, आणतेस ना गं? की मीच तुला हाताला धरून नेऊ?” बहीण खाटेवरून म्हणाली.

“शनिवारी.”

असे सात शनिवार गेले. आठवा बहिणीने पाहिला नाही. त्यानंतर तू मला हे सगळं सांगितलंस.

ब्लॉक लॅबच्या माणसाच्याच हाती देतात, मला एकटीला दिला नसता, म्हणून आपण दोघींनी जायचं ठरलं होतं. सातही शनिवारी मी चपला घालून दारात बसले होते. ब्लॉक द्यावा म्हणून तुझ्या बहिणीने सही केलेली चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे.