दक्षिणेची हद्द

"ऐका होऽऽ, पूर्वेची हद्द!" ही आरोळी माळावरून दूरवर जाई. तिच्यामागून येणारी शांतता मला आरोळीहूनही अधिक आठवते. वाळक्या गवताची सळसळ, नदीकडून एखाद्या टिटवीचा ओरडा, आणि खरेदीखताच्या मसुद्याचा कागद छातीशी धरून, मान किंचित तिरकी करून उत्तराची वाट पाहणारे विष्णुपंत. शेजारच्या बांधावरून "हाय!" असा होकार आल्याखेरीज ते पुढच्या कोपऱ्याकडे वळत नसत. चारी दिशांनी होकार आले, की मगच मसुदा मुद्रांकाच्या कागदावर चढे.

विष्णुपंत कर्जतचे जमिनीचे दलाल. तो काळ त्या धंद्याला मोठा तेजीचा होता. तापाच्या साथीने धास्तावलेल्या मुंबईकरांना मोकळ्या हवेची ओढ लागली होती. खोपोलीला पाण्यापासून वीज निघू लागली, तेव्हापासून तर खालापुरापर्यंतचे गवती माळ सोन्याच्या भावाने बोलले जाऊ लागले. दिवाळीत घेतलेली जागा होळीला दुसऱ्याच्या नावावर जाई, आणि दोघांपैकी एकानेही ती पाहिलेली नसे. स्टेशनाच्या बाकावर बसून, गाडी येईपर्यंत सौदे उरकत. पंतांना याचा मनस्वी तिटकारा होता. "शेटजी, सून फोटोवर पसंत करता येते, जागेला पाय लावावे लागतात. उतरा टांग्यातून!" असे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवीत असे. वैधव्य आल्यापासून बारा वर्षांत सात बिऱ्हाडे बदलली होती. परक्या भिंतींना परक्या चुलींच्या धुराचा वास असतो, तो माझ्या लुगड्यांना बसला होता. आतून कडी लावता येईल असे स्वतःचे एक दार मला हवे होते. भाव असे चढत होते की, पुढच्या वर्षी ते माझ्या आवाक्यात राहिले नसते. पंत हे जाणून होते. दोन वर्षे शोधून त्यांनी दहिवलीला, उल्हास नदीच्या काठी, दगडू पाटलांचा एक तुकडा माझ्यासाठी धरून ठेवला. "बाई, पहाटे खिडकी उघडलीत की पाण्याचा आवाज उशाशी येईल," ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी कित्येक पहाटा जगले.

मसुद्याच्या वाचनाच्या दिवशी ऊन पांढरे झाले होते. बांधापलीकडे टांग्यात एका शेटचा कारकून बसला होता. माझा सौदा फिसकटला तर दगडू पाटील त्याच्याशी बोलणार, हे सर्वांना ठाऊक होते. पंतांची दृष्टी अलीकडे मंदावली होती, म्हणून पाटलांच्या लेखनिकाने केलेला मसुदा त्यांनी मला वाचायला दिला. मी ओळ वाचावी, त्यांनी ती आरोळी करावी. पूर्व, पश्चिम, उत्तर. तिन्हीकडून होकार आले. चौथी ओळ मी पुटपुटतच वाचली.

"दक्षिणेस पडीक धरून नदीपर्यंत."

"मोठ्यानं, बाई."

मी पुन्हा वाचले. पंतांनी आरोळी दिली. त्या "पडीक" जमिनीवर कुडाची एक झोपडी होती. तिच्यातून बुधी ठाकरीण बाहेर आली. हात शेणाने भरलेले.

"पडीक कुनाला म्हनतोस रं बामना? मी काय मेली हाय?"

"किती वर्षं आहेस इथं?" पंतांनी विचारले.

"माजी सासू इथंच बाळंत झाली."

"पंत, तुमी दलाल का मामलेदार?" दगडू पाटील उसळले. "हिची झोपडी पावसापुरती. आज हाय, उद्या नाय."

पंतांनी कानावरचा बोरू काढला. मी त्यांचे मनगट धरले. मी हळूच म्हणाले, "पंत, तो शब्द राहू द्या ना. मी तिला कधी उठवणार नाही."

"तुम्ही नाही उठवणार. तुमच्याकडून घेणारा?" त्यांनी मनगट सोडवून घेतले, ती सगळी ओळ खोडली आणि चाचपडत, वाकड्या अक्षरांत वर लिहिले : 'दक्षिणेस बुधी ठाकरीण हिचे घर.'

"मंग नदी गेली की हातची!" पाटील ओरडले. "काठाबिगर कोन इचारतं या माळाला? सगळा तुकडा घ्या, न्हाय तर सोडा!" ते तरातरा टांग्याकडे गेले. पण कारकुनाने सारे ऐकले होते. "आमच्या शेटना तंट्याची जागा नको," एवढेच बोलून त्याने टांगा वळवायला सांगितला.

तुकडा विकला गेला नाही, पाटील मला तो पुन्हा द्यायला तयार झाले नाहीत, आणि पंतांकडे जमीनमालक फिरकेनासे झाले. ओसरीवर मसुदे पडत, तिथे मिरच्या वाळू लागल्या. भाव चढतच राहिले. मी आठव्या बिऱ्हाडात गेले.

पंत अंथरुणाला खिळले, तेव्हा मी भेटायला गेले. दृष्टी पार गेली होती. पायांच्या चाहुलीवरून त्यांनी मला ओळखले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. दोन वर्षे ओठांवर असलेला प्रश्न मी अखेर विचारला, "पंत, माझं घर गेलं, याचं तुम्हाला कधी वाईट वाटतं?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवले.

"वाटतं."