नुसती टाळी

"तू गाऊ नकोस. नुसती टाळी धर."

स्टेजवर चढायच्या आधी, सगळ्या मुलांसमोर काकू मला म्हणाल्या. मी अकरा वर्षांची. नॉटिंगहॅममधल्या एका शाळेचा हॉल, मराठी मंडळाची दिवाळी. काकू आमच्या गाण्याच्या बाई. त्यांचे मिस्टर हॉस्पिटलात कन्सल्टंट. माझी आई त्याच वॉर्डात पेशंटना अंघोळ घालायची.

काकू आईकडे वळल्या. "रागावू नका हं, पण हिचा व्हॉइस फारच रफ आहे. तुमच्याकडे जलसे करतात ना, तसला."

तुमच्याकडे. आडनाव पहिल्याच दिवशी विचारून झालं होतं. माझे आजोबा जलशात गायचे. डफ घेऊन वस्तीवस्तीत जायचे, जातीविरुद्ध गाऊन माणसांना जागं करायचे. आईने नुसती मान डोलावली. मला काकूंपेक्षा तिचा जास्त राग आला. आणि मी टाळी धरली. एक नाही, चार दिवाळ्या.

आईच्या वॉर्डात एक स्पॅनिश नर्स होती. रविवारी दुपारी तिच्या घरी फ्लॅमेन्को, म्हणजे त्यांच्याकडचं गिटार-टाळ्यांवरचं गाणं, चालायचं. आई एकदा मला घेऊन गेली. मी सवयीने कोपऱ्यात टाळी धरून बसले. तिथे ती शिक्षा नव्हती. टाळी चुकली तर गाणारा अडखळायचा. तासाभराने नर्स गिटारवाल्याला थांबवून मला म्हणाली, "नाउ यू सिंग."

तोंड उघडलं तर आजोबांचा आवाज. फाटका, दणदणीत. कुणी थांबवलं नाही. घरी येताना बसमध्ये मी ढसाढसा रडले.

आज फ्लॅमेन्को गाऊनच मी पोट भरते. गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. "अगं, मंडळाच्या फंक्शनला ये ना! काय रॉ, ऑथेंटिक व्हॉइस आहे गं तुझा!" स्पेनचा शिक्का बसला आणि तोच आवाज सोवळा झाला.

गेले. काकू माइकवर म्हणाल्या, "ही आमच्याच क्लासची. बेसिक्स सगळे माझ्याकडचे." पहिल्या रांगेत आई मान खाली घालून बसली होती.

मी माइक घेतला. "काकूंनी मला गाऊ दिलं नाही. म्हणाल्या, हा जलशातला आवाज. खरंच होतं. हा माझ्या आजोबांचा आवाज आहे. काकू, बसा इथे. आज टाळी तुम्ही धरा."

काकू बसल्या नाहीत. खुर्च्या सरकल्या. निम्मा हॉल उठून गेला. मी गायले.

मंडळाचं बोलावणं पुन्हा आलं नाही. न येवो. आता कुठल्याही स्टेजवर माझी ओळख मीच करून देते. आधी आडनाव, मग आजोबांचा डफ, मग गाणं. ज्यांना उठून जायचंय त्यांनी आडनावालाच उठावं. मी मध्येच थांबणार नाही.